वरळीत पाहिलेला संघ आणि सातवा सामना

अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधला मायल्स टर्नर इंडियाना पेसर्स हा संघ सोडून मिलवॉकी बक्सकडे निघाल्याची बातमी १ जुलै २०२५ ला आली आणि मी बराच वेळ हातातला फोन तसाच धरून बसले. दहा हंगाम एकाच संघात काढलेला हा सेंटर, म्हणजे रिंगपाशी खेळणारा उंच खेळाडू, नऊच दिवसांपूर्वी अंतिम फेरीचा सातवा आणि निर्णायक सामना खेळला होता, आणि आता तो गेला तोही अशा संघाकडे, ज्याला पेसर्सनी एप्रिलमध्ये पहिल्याच फेरीत घरचा रस्ता दाखवला होता. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीला मी जो संघ प्रत्यक्ष पाहिला, त्यातला टी. जे. मॅककॉनेल हा एकच खेळाडू त्यानंतर पेसर्समध्ये उरला. त्याआधीचे दोन महिने मी पहाटे उठून या संघाचे सामने पाहिले आणि घरी-दारी त्यांच्याबद्दल इतके बोलले, की आता ते एकदा नीट लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी एका मराठी माध्यमाच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले. त्यातला पहिला सामना शाळकरी मुलांसाठी राखून ठेवला होता; सत्तरएक शाळांमधून तीन हजारांवर मुले आली होती आणि त्यांत आमच्या शाळेच्या बारा मुली होत्या. बस हाजी अलीजवळ आली तेव्हापासून मुली खिडक्यांना चिकटून बसल्या होत्या. आमच्या शाळेचे मैदान म्हणजे सिमेंटची जमीन, एका टोकाला जाळी नसलेली रिंग आणि उरलेल्या जागेत खो-खोचे खांब. अशा मैदानावर खेळणाऱ्या मुलींनी लाकडी कोर्टवरचा बुटांचा करकर आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि सामन्याआधीच्या सरावात जवळजवळ सात फूट उंचीच्या माणसांना इतक्या हलक्या हाताने चेंडू सोडताना पाहून त्या एकदम गप्प झाल्या. समोरचा संघ सॅक्रॅमेंटो किंग्जचा होता. त्यांचे मालक विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचा, त्यामुळे आमच्या काही मुलींनी बसमध्येच किंग्जची बाजू धरली होती. माझे लक्ष मात्र पेसर्सवर खिळले, कारण त्यांचा डोमांटास साबोनिस हा धिप्पाड खेळाडू फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मोकळेपणी चेंडू टाकण्याच्या) रेषेपाशी चेंडू घेऊन उभा राहायचा आणि बास्केटकडे धावणाऱ्या साथीदाराला नेमक्या क्षणी तो द्यायचा. एवढ्या उंच माणसाने पास देण्याचे काम इतक्या निगुतीने करावे, हे मी तोवर समोरासमोर पाहिले नव्हते.

सामना ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळेत, गेला आणि पेसर्सनी तो १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. परतीच्या बसमध्ये सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, "बाई, ते बेंचवरचे लोक सारखे आत-बाहेर का करत होते? दमले म्हणून, की चुकले म्हणून?" मी तिला सांगितले, की या खेळात खेळाडू कितीही वेळा बदलता येतो आणि शहाणा प्रशिक्षक खेळाडू दमायच्या आधीच बदलतो. सहा वर्षांनी पेसर्स अंतिम फेरीत पोहोचले ते बरेचसे याच शहाणपणाच्या बळावर, आणि त्या वेळी मला त्या मुलीची फार आठवण झाली.

पुढच्याच वर्षी कोविड आला आणि त्याच डोममध्ये महापालिकेने रुग्णांसाठी खाटा मांडल्या. जिथे मुलींनी नाचून घसा बसवला होता, तिथल्या खाटांच्या रांगांचा फोटो वर्तमानपत्रात पाहून मला जे वाटले ते अजून नीट सांगता येत नाही. नंतर ८ फेब्रुवारी २०२२ रोजी पेसर्सनी साबोनिस किंग्जला दिला आणि त्या बदल्यात टायरीज हॅलिबर्टन आणि बडी हील्ड यांना आणले. वरळीत समोरासमोर खेळलेल्या दोन संघांमध्येच ही देवाणघेवाण झाली. मला त्या दिवशी फार वाईट वाटले होते, कारण साबोनिसमुळेच मी या संघाकडे वळले होते, आणि हॅलिबर्टनचे नाव मी जेमतेम ऐकले होते. त्याचा चेंडू सोडण्याचा ढंगही विचित्र. दोन्ही हात छातीपाशी आणून तो चेंडू ढकलल्यासारखा सोडतो. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाने असा चेंडू टाकला असता तर मी पहिल्याच दिवशी त्याचे कोपर सरळ केले असते. पण हा मुलगा चेंडू हातात फार वेळ ठेवत नाही, फार क्वचित चुकीचा पास देतो आणि आपल्या संघातल्या प्रत्येकाला पळायला लावतो, हे मला दोन-तीन महिन्यांत उमगले आणि मी साबोनिसचे दुःख बाजूला ठेवले.

२०२४-२५ च्या हंगामाची सुरुवात वाईट झाली होती. जेम्स वाइजमन आणि आयझाया जॅक्सन या दोन उंच खेळाडूंच्या टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस, हंगामाच्या पहिल्या दोन आठवड्यांतच तुटली आणि डिसेंबरमध्ये संघाची नोंद १० विजय, १५ पराभव अशी होती. तिथून त्यांनी ५० विजयांपर्यंत मजल मारली आणि पूर्व विभागात चौथे स्थान मिळवले. एप्रिलमध्ये खेळाडूंच्याच एका निनावी मतदानात हॅलिबर्टनला लीगमधला सर्वांत अवाजवी कौतुक झालेला खेळाडू ठरवण्यात आले. ते वाचून मला मनापासून राग आला. त्याच्या खेळावर टीका करायला जागा आहे. तो कधी कधी एखाद्या क्वार्टरभर, म्हणजे सामन्याच्या पाव भागात, दिसेनासा होतो, हे मी स्वतः पाहिले आहे. पण नाव न सांगता सहकारी खेळाडूवर असा शेरा मारणे मला पटत नाही.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्याने जे केले ते बास्केटबॉल पाहणारे लोक बराच काळ सांगत राहतील. प्रत्येक फेरीत आधी चार सामने जिंकणारा संघ पुढे जातो. बक्सविरुद्धच्या पाचव्या सामन्यात ओव्हरटाइमची चाळीस सेकंदे उरली असताना पेसर्स सात गुणांनी मागे होते, आणि शेवटी १.३ सेकंद उरले असताना हॅलिबर्टनने लेअप (रिंगजवळ जाऊन सोडलेला चेंडू) टाकून सामना ११९-११८ असा जिंकून दिला. क्लीव्हलंड कॅव्हेलियर्सने हंगामात ६४ सामने जिंकले होते. त्यांच्याविरुद्ध दुसऱ्या सामन्यात त्याचा फ्री थ्रो चुकला, त्याने स्वतःच रिबाउंड (रिंगवरून उडालेला चेंडू) घेतला, चेंडू घेऊन तीन गुणांच्या रेषेबाहेर आला आणि १.१ सेकंद उरले असताना थ्री-पॉइंटर टाकला. तो सामना पेसर्सनी १२०-११९ असा जिंकला. क्लीव्हलंडचे गारलंड, मोबली आणि हंटर हे तिघे दुखापतीमुळे त्या दिवशी खेळत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. उंचापुरा मोबली आत असता तर तो रिबाउंड हॅलिबर्टनच्या हाती लागला असता का, याचा विचार माझ्या मनात अजून येतो.

न्यूयॉर्क निक्सविरुद्धचा पहिला सामना मात्र मी बाबांसोबत पाहिला, म्हणून तो सविस्तर सांगते. बाबा गिरणीत कामाला होते आणि गिरणीच्या संघातून कबड्डी खेळायचे. चढाईला जाणारा खेळाडू म्हणून लालबाग-परळच्या मैदानांवर त्यांचे नाव होते. निवृत्तीनंतरही ते पाचला उठतात. २२ मेच्या पहाटे साडेपाचला सामना सुरू झाला तेव्हा मला सुट्टी होती, बाहेर आभाळ भरून आले होते, आणि बाबा चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. शेवटची तीन मिनिटेही उरली नव्हती आणि पेसर्स चौदा गुणांनी मागे पडले होते. मी फोन बंद करायला निघाले, तेव्हा बाबा म्हणाले, "राहू दे ना. समोरच्यांचे पाय बघ, ते आता मागे धावत नाहीयेत." त्यांनी पाहिले ते खरे होते. पेसर्सनी सामनाभर दहा-दहा खेळाडू फिरवत, प्रत्येक वेळी चेंडू मिळताच पळत, न्यूयॉर्कच्या पाच-सहा प्रमुख खेळाडूंना दमवून टाकले होते. ॲरन नेस्मिथने त्या शेवटच्या क्वार्टरमध्ये सहा थ्री-पॉइंटर मारले. नेस्मिथ हा एरवी समोरच्या संघाच्या सर्वांत मोठ्या खेळाडूला चिकटून राहण्याचे कष्टाचे काम करणारा माणूस, आणि त्याच्या हातून ते थ्री-पॉइंटर एकामागून एक पडत गेले तेव्हा मी खुर्चीत बसूच शकले नाही.

शेवटच्या क्षणी हॅलिबर्टन आत घुसला, थांबला, उलटा बाहेर आला आणि त्याने चेंडू सोडला. चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आदळून सरळ वर उडाला, बोर्डाच्याही वर गेला, आणि बझर वाजून गेल्यावर खाली येऊन जाळीत पडला. तीन गुण झाले असे समजून त्याने धावत जाऊन दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला, म्हणजे समोरचा संघ दडपणाखाली गुदमरला असे सुचवले. पेसर्सच्या रेजी मिलरने १९९४ मध्ये याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, चौथ्या क्वार्टरमध्ये २५ गुण करताना, हाच हावभाव केला होता, आणि तोच मिलर त्या रात्री समालोचन करत होता. पण हॅलिबर्टनच्या बुटाचे टोक रेषेवर होते. गुण दोनच मिळाले, सामना १२५-१२५ असा बरोबरीत आला आणि ओव्हरटाइम सुरू झाला. बाबांना हे कळायला थोडा वेळ लागला. मी त्यांना फोनवरचे चित्र थांबवून पायाचे टोक दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "अगं, हे आमच्या बोनस रेषेसारखंच झालं की." पेसर्सनी सामना १३८-१३५ असा जिंकला. पुढे मालिकाही ४-२ अशी जिंकून ते २००० नंतर पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेले.

अंतिम फेरीत समोर ओक्लाहोमा सिटी थंडर होते. हंगामात ६८ विजय मिळवलेला, बचावात सगळ्यांना भारी पडणारा हा संघ पेसर्सपेक्षा सरस होता, हे मी आधीपासून मान्य करत होते. पहिल्या सामन्याच्या पहिल्या अर्ध्या भागात पेसर्सनी १९ वेळा चेंडू गमावला. चौथ्या क्वार्टरमध्ये ते १५ गुणांनी मागे होते. तरीही चेंडू शेवटचा हाती आल्यावर प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी टाइमआउट घेतला नाही, हॅलिबर्टन उजव्या बाजूने चेंडू घेऊन आला आणि ०.३ सेकंद उरले असताना त्याने दोन गुणांचा जंप शॉट टाकला. १११-११०. त्या पूर्ण सामन्यात पेसर्स आघाडीवर होते ते फक्त तेवढे ०.३ सेकंद. टाइमआउट न घेण्याच्या त्या निर्णयाबद्दल मला कार्लाइल यांचे विशेष कौतुक वाटते. टाइमआउट घेतला असता तर थंडरलाही बचाव नीट लावून घ्यायला वेळ मिळाला असता, आणि असा बचाव मोडणे पेसर्सना दिवसभर जमले नव्हते.

तिसऱ्या सामन्यात बेनेडिक्ट मॅथरिनने बेंचवरून येऊन २७ गुण केले आणि मॅककॉनेलने पाच वेळा चेंडू हिसकावला. मॅककॉनेल सहा फुटांच्या आसपासचा. गुण झाल्यावर प्रतिस्पर्धी आळसाने चेंडू आत टाकतो त्या क्षणाची तो दबा धरून वाट पाहतो आणि झडप घालतो. ही युक्ती मी गेली काही वर्षे माझ्या मुलींना शिकवते आहे. चौथ्या सामन्यात मात्र पेसर्स जिंकत आलेला सामना हरले; शे गिल्जस-अलेक्झांडरने थंडरच्या शेवटच्या १६ गुणांपैकी १५ एकट्याने केले. तो सामना जिंकला असता तर मालिका ३-१ झाली असती, आणि पुढे जे घडले ते कदाचित घडलेच नसते. मला सातव्या सामन्यापेक्षाही या चौथ्या सामन्याची रुखरुख जास्त आहे.

पाचवा सामना आमच्याकडे १७ जूनच्या सकाळी झाला, शाळा सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. आमचे सत्र दुपारचे असल्यामुळे मला तो पाहता आला. पहिल्याच क्वार्टरमध्ये हॅलिबर्टन अडखळला, उजवी पोटरी धरली आणि आत गेला. पायाला पट्टी बांधून तो परत आला तेव्हा बाबा चष्मा पुसून पडद्याच्या अगदी जवळ गेले. "तो टाच टेकवत नाहीये," ते म्हणाले. "चवड्यावर चाललाय. त्याला आत कशाला सोडलं?" त्या सामन्यात हॅलिबर्टनने बास्केटवर सहा वेळा चेंडू टाकला आणि एकही पडला नाही. थंडरच्या जेलन विल्यम्सने ४० गुण केले. सामन्यानंतर हॅलिबर्टन म्हणाला, की आपल्याला चालता येत असेल तर आपण खेळणार.

त्याचे हे म्हणणे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, त्याचे कारण माझे स्वतःचे आहे. २००३ मध्ये आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात माझा उजवा गुडघा मुरगळला. आमच्या प्रशिक्षकांनी बर्फ लावला, पट्टी आवळली आणि दहा मिनिटांनी मला परत उतरवले. मीही आनंदाने उतरले, कारण बाहेर बसून सामना पाहणे मला सहन होत नव्हते. पाच मिनिटांत उडी मारून खाली येताना गुडघा आतल्या बाजूला वळला आणि लिगामेंट तुटला. त्यानंतरची दोन वर्षे मी नागपाड्याला मस्तान वायएमसीएच्या कोर्टच्या कडेला बसून इतरांचे सामने पाहिले. मुंबईत बास्केटबॉल म्हटले की पहिले नाव नागपाड्याचेच येते, आणि तिथल्या मुलांचे पाय, त्यांचे वळणे, त्यांचे थांबणे पाहत पाहतच मी शिकवायला शिकले. परंतु मी पुन्हा पूर्वीसारखी खेळू शकले नाही. म्हणून माझ्या मैदानावर एक नियम आहे, की लंगडणारे मूल त्या दिवशी खेळणार नाही, मग सामना कोणताही असो आणि रडणे कितीही असो.

असे असूनही २० जूनच्या सकाळी, सहाव्या सामन्याआधी, हॅलिबर्टन खेळणार ही बातमी वाचून मला आनंद झाला. तो २३ मिनिटे खेळला, त्याने १४ गुण केले, आणि पेसर्सनी थंडरला १०८-९१ असे नमवून मालिका सातव्या सामन्यापर्यंत नेली. मी शाळेत मुलींना पेढे वाटले. माझ्या नियमाची आठवण मला त्या दिवशी झाली नाही असे नाही. झाली, आणि मी ती बाजूला सारली. हा माणूस पंचवीस वर्षांचा आहे, त्याच्याजवळ जगातले उत्तमोत्तम डॉक्टर आहेत, त्याने आपल्या मनाने निर्णय घेतला आहे, असे मी स्वतःला सांगितले. ते सगळे खरेच आहे. पण पंचवीस वर्षांच्या खेळाडूला अंतिम फेरीच्या वेळी बाहेर बसण्याचा निर्णय स्वतः घेता येत नाही, हेही तितकेच खरे आहे, आणि ते मला माझ्या गुडघ्याने शिकवले आहे. तो निर्णय दुसऱ्या कोणीतरी त्याच्यासाठी घ्यावा लागतो. ताणलेल्या पोटरीमुळेच अकिलीस तुटते की नाही, यावर डॉक्टरांनी बोलावे. पोटरीचा स्नायू आणि टाचेचे हाड यांना जोडणारी ही शीर एकच असल्यामुळे एक दुखावली की भार दुसरीवर येतो, एवढे मला शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासात शिकवले आहे आणि मी तेच मुलांना शिकवते.

२३ जूनला सोमवार होता. सामना पहाटे साडेपाचला होता आणि पाऊस कोसळत होता. हॅलिबर्टनने सुरुवातीलाच तीन थ्री-पॉइंटर टाकले. तिसरा पडला तेव्हा बाबांनी माझ्या हातावर हात मारला. पहिल्या क्वार्टरची पाच मिनिटे उरली असतील, तो रेषेबाहेर चेंडू घेऊन उभा होता, त्याने आत घुसण्यासाठी उजवा पाय मागे रोवला आणि तो पुढे जाण्याऐवजी खालीच पडला. त्याला कोणाचा धक्का लागलेला नव्हता. त्याने उपडे पडून तळहाताने जमिनीवर मारायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. बाबा उठून उभे राहिले आणि काही न बोलता खिडकीपाशी गेले. समालोचक काय सांगत होते ते मला आठवत नाही. मला तो हात तेवढा आठवतो, कारण २००३ मध्ये मीही तसाच हात जमिनीवर मारला होता. दुखण्यापेक्षाही काय घडले आहे ते कळल्यामुळे तो हात तसा चालतो.

त्याला डोक्यावर टॉवेल टाकून उचलून नेले. एवढे होऊनही पेसर्स मध्यंतराला ४८-४७ असे पुढे होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मॅककॉनेलने एकट्याने बारा गुण केले. तो जवळजवळ प्रत्येक वेळी चेंडू घेऊन रिंगखालच्या गर्दीत शिरायचा, एका पायावर वळायचा आणि चेंडू वर सोडायचा. पण त्याच क्वार्टरमध्ये थंडरने ३४ गुण केले आणि तिथे सामना निसटला. शेवटी १०३-९१. गिल्जस-अलेक्झांडरने २९ गुण केले, १२ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) दिले आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ओक्लाहोमा सिटीला आल्यापासूनचे त्या संघाचे हे पहिले विजेतेपद. ते त्यांना न्याय्य मिळाले आहे. हॅलिबर्टन खेळत राहिला असता तरी ते जिंकलेच असते असे अनेकजण म्हणतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. सामना संपल्यावर हॅलिबर्टन कुबड्या घेऊन कोर्टवरून आत जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी उभा होता आणि आत येणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला भेटत होता. ते पाहून मी रडले.

या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, अकिलीस तुटलेला तो तिसरा मोठा खेळाडू. बक्सचा डेमियन लिलार्ड पेसर्सविरुद्धच्याच मालिकेत, चौथ्या सामन्यात जायबंदी झाला. बॉस्टन सेल्टिक्सचा जेसन टेटम १२ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये. तिघांच्याही पाठीवर शून्य हा एकच आकडा होता, ही गोष्ट माझ्या मुलींनी मला दाखवून दिली आणि त्या त्यामुळे काहीशा घाबरल्याही होत्या. मी त्यांना आकड्याचा काही संबंध नाही हे सांगितले आणि पोटऱ्या ताणण्याचे व्यायाम त्या दिवशी पाच मिनिटे जास्त घेतले.

त्यानंतरच्या बातम्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. लिलार्ड वर्षभर खेळू शकणार नसल्यामुळे बक्सनी त्याचा करार संपवला, त्याची उरलेली रक्कम पाच वर्षांत विभागून घेतली आणि त्यातून संघाच्या पगाराच्या मर्यादेत मोकळ्या झालेल्या जागेत टर्नरला दहा कोटी डॉलरहून अधिक रकमेचा चार वर्षांचा करार दिला. म्हणजे पेसर्सविरुद्ध खेळताना एक माणूस जायबंदी झाला आणि त्यामुळे पेसर्सचा सेंटर गेला. टर्नरवर मी रागावलेली नाही. दहा वर्षांत त्याचे नाव कित्येकदा अदलाबदलीच्या बातम्यांत आले आणि प्रत्येक वेळी तो मुकाट्याने दुसऱ्या दिवशी खेळायला उतरला. पेसर्सच्या व्यवस्थापनाने त्याच्याशी बोलणी अधिक तत्परतेने करायला हवी होती, असे माझे मत आहे. रिंगपाशी चेंडू अडवणारा आणि रेषेबाहेरून थ्री-पॉइंटरही टाकणारा सेंटर बाजारात सहज मिळत नाही. मेम्फिसहून त्यांनी ‘जे हफ’ नावाच्या उंच खेळाडूला आणले. तोही चेंडू अडवतो आणि लांबूनही टाकतो, पण टर्नरइतकी मिनिटे खेळण्याची त्याला तेव्हा सवय नव्हती. हॅलिबर्टन २०२५-२६ चा पूर्ण हंगाम खेळणार नाही, हे संघाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. घाई न करण्याचा हा निर्णय मला फार आवडला. अंतिम फेरी चालू असतानाच पेसर्सनी आपली २०२६ ची पहिल्या फेरीची निवड, म्हणजे नवोदित खेळाडू निवडण्याचा हक्क, न्यू ऑर्लिन्सकडून परत मिळवली होती. हरणाऱ्या संघांना निवडीत वरचा क्रमांक मिळण्याची संधी जास्त असते, त्यामुळे तो हंगाम जर हरण्यातच गेला तर ती निवड मोलाची ठरणार होती. मला मात्र त्या हिशेबापेक्षा मॅथरिन आणि अँड्र्यू नेम्बहार्ड यांच्यावर त्या वेळी जो भार पडणार होता त्याची उत्सुकता जास्त होती.

टर्नरच्या बातमीनंतर त्याच रात्री मला एक निरोप आला. २०१९ च्या बसमध्ये प्रश्न विचारणारी ती मुलगी आता महाविद्यालयात आहे आणि तिथल्या संघात पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी खेळाडू, म्हणून खेळते. तिने लिहिले होते, "बाई, टर्नर गेला. आपल्या वरळीवाल्यांपैकी कोण राहिलं?" मी तिला मॅककॉनेलचे नाव लिहून पाठवले. तिचा लगेच पुढचा प्रश्न आला, "त्याचा करार आहे ना अजून?" २०२४ मध्येच त्याने चार वर्षांची मुदतवाढ घेतली आहे, असे मी तिला कळवले.